क्रोटनला खिडकी हवी

(मंडळाच्या वार्षिक कौटुंबिक मेळाव्यात मुलुंड येथे दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच पार पडला आहे आणि पलीकडच्या दालनात भोजनाची पाने मांडली जात आहेत. या दोहोंच्या मधली अवघड वेळ भरून काढण्याचे काम कार्यकारिणीने मजवर सोपविले आहे. 'घरातील शोभेची झाडे' असा विषय मला कळविण्यात आला. विषय मोठा आहे आणि आपली भूकही लहान नसावी. म्हणून मी आज एकाच झाडाविषयी बोलणार आहे. ते झाड म्हणजे क्रोटन.

मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि पस्तीस वर्षे मुलांना चित्रकला शिकविली. एलिमेंटरी परीक्षेला बसणाऱ्या मुलांपुढे निसर्गचित्रासाठी मी दरवर्षी क्रोटनची एक फांदी ठेवीत असे. याचे कारण असे की, ज्या मुलाच्या मनात 'पान म्हणजे हिरवे' ही समजूत पक्की बसलेली असते, तिला धक्का देण्यास याहून चांगले साधन मला सापडले नाही. एकाच फांदीवर पिवळे, नारिंगी, तांबडे, जांभळट काळे. कोठे पानाची शीर पिवळी आणि अंग हिरवे, तर कोठे सर्वांगावर शिंतोडे. काही जातींत तर पाते मध्येच संपते, पुढे नुसती शीर दोऱ्यासारखी लोंबते आणि तिच्या टोकाला पुन्हा एक चिमुकले पाते फुटलेले असते. मुलांना वाटे, सरांनी फांदीची काही तरी मोडतोड केली आहे.

प्रथम नावाविषयी थोडे सांगतो, कारण ते चुकीचे आहे. ज्याला वनस्पतिशास्त्रज्ञ खरोखर क्रोटन म्हणतात, त्या कुळातला आपल्या ओळखीचा गृहस्थ म्हणजे जमालगोटा. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ गोचीड असा होतो; त्या झाडांच्या बिया गोचिडीसारख्या दिसतात म्हणून हे नाव पडले. 1753 साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने आपले हे रंगीत झाडही त्याच कुळात घातले. पुढे 1824 साली जुस्यू नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते वेगळे काढले आणि त्याला कोडियम हे नाव रूढ केले. शास्त्रात नाव बदलले. परंतु माळ्यांनी आणि आपण जुनेच धरून ठेवले. एरंड हा मात्र दोघांचाही नातलग आहे. हे नाते लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे चिकाविषयी बोलताना ते उपयोगी पडेल.

कोडियम हा शब्द मोलुक्का बेटांवरील बोलीतून आला. ही बेटे हल्लीच्या इंडोनेशियात आहेत. लवंगा आणि जायफळ तेथलेच. सतराव्या शतकात त्यांपैकी अंबोन बेटावर रुम्फियस नावाचा एक जर्मन मनुष्य डच कंपनीच्या चाकरीत होता. नोकरी सांभाळून तेथील झाडाझुडुपांची माहिती गोळा करण्याचा नाद त्याला लागला. 1670 साली त्याची दृष्टी गेली. 1674 च्या भूकंपात त्याची बायको व एक मुलगी दगावली. 1687 साली आग लागून त्याची चित्रे जळाली. पुन्हा सर्व जमवून ग्रंथाचा पहिला भाग हॉलंडला धाडला, तर 1692 साली ते जहाजच फ्रेंचांनी बुडविले. नशिबाने एक प्रत मागे ठेवलेली होती. 1702 साली तो वारला आणि ग्रंथ छापून निघाला तो 1741 ते 1750 या काळात. त्या ग्रंथात आपले हे झाड आले आहे. चित्रकलेचा शिक्षक या नात्याने मला या माणसाचे फार वाटते. रंगांवाचून ज्याला दुसरे वैभव नाही, अशा झाडाची नोंद ज्या ग्रंथाने जगाला दिली, तो पुरा करणाऱ्याने बत्तीस वर्षे एकही रंग पाहिला नव्हता. आपल्या गॅलरीतला पानओवाही शास्त्रीय नावात अंबोनचेच नाव मिरवतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज रोपवाटिकावाल्यांनी पॅसिफिक महासागरातील बेटांवरून क्रोटनच्या नाना जाती विलायतेस नेल्या. तेथील थंडीत ती जगेनात. म्हणून श्रीमंतांनी काचेची घरे बांधून, त्यांत कोळसा जाळून ती जगविली. हवेत पंधरा अंशांच्या खाली गारठा आला की हे झाड कुरकुरू लागते आणि पाने टाकते. आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश तपमान नोंदले गेले होते, परंतु तसले दिवस मुंबईत अपवादाचेच. लॉर्ड लोकांना जी दमट ऊब कोळसा जाळून विकत घ्यावी लागली, ती घाटकोपर-अंधेरीच्या माणसाला फुकट मिळते, आणि तिच्याविषयी आपण वर्षाचे आठ महिने तक्रार करीत असतो!

असे असता, आपल्याकडे घरात आणलेले क्रोटन सहा महिन्यांत झडून काठी का होते? त्याचे उत्तर माझ्याच घरच्या गोष्टीत आहे. आणि त्या गोष्टीतला अपराधी मीच आहे.

आम्ही 1968 साली मुलुंड पूर्वेला राहावयास आलो. दुमजली इमारत, समाईक गॅलरी, लाकडी कठडे. आईने डालड्याच्या पिवळ्या डब्याला खिळ्याने तीन भोके पाडली आणि शेजारच्या बंगल्याच्या कुंपणातून मागून आणलेली क्रोटनची फांदी त्यात लावली. पूर्वेची गॅलरी, सकाळी सातपासून दहा-साडेदहापर्यंत ऊन आणि पुढे दिवसभर नुसता उजेड. आईने त्या झाडाची विशेष काळजी घेतल्याचे मला आठवत नाही. तांदूळ धुतलेले पाणी कधी घातले, कधी नाही. दिवाळीच्या आधी पाने ओल्या फडक्याने पुसायची आणि वर्षातून एकदा मूठभर शेणखत, इतकेच. डबा गंजला तेव्हा कुंडी आली, पुढे मोठी कुंडी आली. आई 1998 साली गेली; झाड माझ्या खांद्याच्या वर गेले होते.

2015 साली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही भाड्याच्या जागेत गेलो. तळमजला, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, आणि खिडकीला आतून काच, बाहेरून जाळी. बैठकीच्या खोलीत दूरदर्शनच्या संचाशेजारी एक कोपरा रिकामा होता. मला वाटले, आईचे झाड येथे शोभून दिसेल. दिसलेही. आठवडाभर. मग खालची पाने गळू लागली. मी घाबरलो आणि पाणी वाढविले. पाने अधिकच गळाली, तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागलो आणि वर एका मित्राने सुचविलेले रासायनिक खतही टाकले. सुनेने दोनदा सांगितले की, "बाबा, माती चिकट लागते आहे, वास येतो आहे." मी तिला म्हणालो, "तुझ्या जन्माआधीपासून मी हे झाड सांभाळतो आहे." हे वाक्य उच्चारले त्याच्या दुसऱ्या महिन्यात मी कुंडी उलटी केली, तेव्हा मुळे काळी पडून हातात गाळासारखी आली. सत्तेचाळीस वर्षांचे झाड मी चार महिन्यांत बुडवून मारले.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले, राणीच्या बागेतील माळ्यांना विचारले, रोपवाटिकांत तासन् तास उभा राहिलो. जे समजले ते असे.

पानात तीन प्रकारची रंगद्रव्ये असतात: हिरवे, पिवळे-नारिंगी आणि तांबडे-जांभळे. हिरवे द्रव्य हा झाडाचा स्वयंपाक. सूर्यप्रकाश धरून अन्न करण्याचे काम त्याचे. तांबडे द्रव्य भरपूर प्रकाशातच चांगले तयार होते आणि कडक उन्हात ते पानाला छत्रीसारखे उपयोगी पडते. झाड अंधाऱ्या कोपऱ्यात गेले की, मिळणारा अपुरा प्रकाश धरून ठेवण्यासाठी त्याला हिरवेपणा वाढवावा लागतो. पगार अपुरा पडू लागला की गृहिणी दागिने करीत नाही, आधी धान्य भरते, तसेच हे. म्हणून घरात आणल्यावर तुमच्या क्रोटनची नवी पाने हिरवीच येऊन हिरवीच राहू लागली, तर ते झाडाने तुम्हांला दिलेले निवेदन समजा. मात्र एक खुलासा करणे जरूर आहे. पुष्कळ जातींत कोवळे पान मुळातच हिरवे वा पिवळे असते आणि वयाबरोबर लाल होत जाते. तेव्हा पालवी पाहून घाई करू नये, जुन्या पानांकडे पाहावे.

तेव्हा क्रोटनची जागा बैठकीच्या शोभेवरून ठरवू नका. आधी खिडकी पाहा, मग जमल्यास बैठक तिच्याभोवती मांडा. पूर्वेची खिडकी सर्वांत उत्तम. तीन-चार तासांचे सकाळचे ऊन त्याला पुरे होते. पश्चिमेचे दुपारचे ऊनही चालते, परंतु सावलीत वाढलेले झाड एकदम तेथे ठेवले तर पाने भाजून तपकिरी चट्टे पडतात. थोडे थोडे करून सरकवावे. आणि एकदा जागा ठरली की ती बदलू नये. या झाडाला स्थलांतराचा फार राग आहे. जागा बदलताच ते पाने टाकते. हे मरण्याचे लक्षण नव्हे. अशा वेळी त्याला तसेच सोडावे, पाणी बेताचे द्यावे. महिना-दीड महिन्यात डोळे फुटू लागतात. माझी चूक नेमकी येथेच झाली. पाने कमी झाली की झाड पाणी कमी पिते, आणि मी मात्र वाढवीत गेलो.

पाण्याचा नियम वेळापत्रकावर ठेवू नका; बोटावर ठेवा. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसावे. माती कोरडी लागली तर पाणी खालच्या भोकातून निथळेपर्यंत घालावे, ओली लागली तर हात आवरावा. एप्रिल-मे महिन्यांत बहुधा रोज लागेल. जुलैमध्ये आभाळ भरलेले असते, ऊन नसते, हवा ओलीचिंब असते, तेव्हा आठवड्यातून दोनदाही पुष्कळ होते. नुसती लाल माती मुंबईच्या पावसाळ्यात कुंडीत विटेसारखी घट्ट बसते; तिच्यात शेणखत आणि नारळाचा भुसा मिसळावा, आणि भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा. खत बेताने द्यावे. नत्र जास्त झाले की पाने मोठी, मऊ आणि हिरवी होतात. रंग मागे पडतो.

वातानुकूलन यंत्राचा झोत झाडावर येऊ देऊ नये. त्या कोरड्या हवेत पानांच्या पाठीला लाल कोळी धरतो. पान मळकट दिसते आणि बारीक जाळी आढळते. देठांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. दोहोंवर उपाय घरचाच: ओल्या फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसणे, आणि कीड दिसल्यास सौम्य साबणाच्या पाण्यात थोडे कडुनिंबाचे तेल मिसळून संध्याकाळी फवारणे. आई दिवाळीआधी पाने पुसत असे ती शोभेसाठी, अशी माझी समजूत होती. धुळीने माखलेल्या पानाला खिडकीतला उजेडही अर्धाच मिळतो, हे तिला ठाऊक असावे किंवा नसावे. पण ती पुसत असे.

आता ज्या घरात लहान मुले आहेत, त्यांनी कृपया लक्ष द्यावे. क्रोटनची फांदी तोडली की चीक येतो. एरंडाच्या नातलगाचाच चीक तो; काहींच्या कातडीला खाज सुटते आणि कपड्यावर पडलेला डाग सहजी जात नाही. छाटणी करताना हातमोजे घालावेत, आणि रांगत्या मुलाच्या हाती पान लागू देऊ नये. याहून अधिक जपावयाचे ते डिफेनबेकियाला, म्हणजे रुंद पानांवर पांढरे-पिवळे पट्टे असलेले जे झाड हल्ली इमारतींच्या प्रवेशद्वारापाशी ठेवतात त्याला. ते अळूच्या कुळातले. अळूत जे सुईसारखे बारीक कण असतात, ज्यांसाठी आपण फदफद्यात चिंच घालतो, तेच त्याच्यातही असतात, आणि पान चावले तर मुलाची जीभ सुजते.

दुसरी गोष्ट कुंडीखालच्या बशीची. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. बशी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करावी. नुसते ओतून भागत नाही, कारण काठाला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. मागे एकदा पालिकेचे तपासनीस आमच्याकडे आले, त्यांनी बॅटरीचा प्रकाश बशीत पाडला आणि मला वळवळणाऱ्या अळ्या दाखविल्या. त्या वेळी मी शाळेत मुलांना आरोग्यसप्ताहाची भित्तिचित्रे काढावयास लावून नुकताच घरी आलो होतो.

घरातली झाडे हवा शुद्ध करतात असेही हल्ली सर्वत्र ऐकू येते. 1989 साली अमेरिकेतील नासा या संस्थेने बंद पेटीत झाडे ठेवून केलेल्या प्रयोगावरून ही समजूत पसरली. परंतु आपले घर म्हणजे बंद पेटी नव्हे. तेवढा परिणाम साधावयाचा तर घरात माणसांना राहण्यास जागा उरणार नाही, इतक्या कुंड्या लागतील. क्रोटन आवडते म्हणून ठेवावे. त्याच्याकडून औषधाची अपेक्षा करू नये.

आता माझी गोष्ट पुरी करतो. 2019 साली आम्ही आमच्या नव्या इमारतीत परत आलो. अकरावा मजला, गॅलरी नाही. पण पूर्वेची एक रुंद खिडकी आहे. तिच्या कट्ट्यावर ठेवावयास माझ्यापाशी काही नव्हते. रोपवाटिकेत दीडशे-दोनशे रुपयांना सुरेख क्रोटन मिळतात. परंतु आईच्या झाडाचे पान निराळे होते: अरुंद, किंचित पीळ पडलेले, मध्यभागी शेंदरी शीर. बाजारात शेकडो जाती आहेत, पण ते पान मला कोठे दिसले नाही. बियांपासून ते परत येणेही शक्य नव्हते, कारण क्रोटनचे बी लावले तर रोप आईसारखे निघेलच असे नाही. हुबेहूब तेच झाड हवे तर त्याच झाडाची फांदी हवी.

एके दिवशी पत्नीला आठवले की, 1989 च्या पावसाळ्यात आईने आपल्याच ज्ञातीतील एका शेजारणीला गुटी बांधून दिली होती आणि ते कुटुंब पुढे बोरिवलीला गेले. पत्ता नव्हता. मंडळाची पत्त्यांची पुस्तिका मी आजवर सोयरिकीच्याच कामाला येते असे समजत होतो. ती काढली, आडनाव शोधले, आणि तिसऱ्या दूरध्वनीला त्या वहिनींचा आवाज आला. मी झाडाचे विचारले. त्या म्हणाल्या, "कुठलं, तुमच्या आईंचं? येऊन बघा."

मी गेलो. तळमजल्याच्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या पलीकडे, डोक्याहून उंच झाड होते. शेंदरी शीर, पीळ पडलेले पान. वहिनींनी विचारले, "आईंचं झाड तुमच्याकडे कसं आहे?" मी खरे ते सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन सुतळी घेऊन आल्या.

गुटी कशी बांधतात हे तरुण मंडळींसाठी सांगतो. जून-जुलैमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीची निरोगी फांदी निवडावी. डोळ्याच्या जरा खाली बोटाच्या रुंदीएवढी साल बांगडीसारखी काढावी आणि आतला गुळगुळीत थर खरवडावा. चीक पुसून तेथे ओले शेवाळ गुंडाळावे, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, आणि दोन्ही टोके घट्ट बांधावीत. शेवाळ न मिळाल्यास ओला काथ्या चालतो; आई काथ्या आणि चिखल लावून वर गोणपाट बांधीत असे. सुमारे पाच-सहा आठवड्यांत कागदातून पांढरी मुळे दिसू लागतात. मग गुटीच्या खाली कापून कुंडीत लावावी आणि पंधरा दिवस सावलीत ठेवावी. हिंदुस्थानातील इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांनी 'गुटी' हा शब्द आपल्या माळ्यांकडून जसाच्या तसा उचलला होता; नाव उसने घेण्याची पाळी या एका बाबतीत त्यांच्यावर आली.

ती गुटी आज माझ्या खिडकीत कमरेएवढी झाली आहे. पाणी मी घालीत नाही, सून घालते. पाने मी पुसतो. यंदा पावसाळ्यात तिला पाच गुट्या बांधल्या होत्या. त्यांतील एक वाळली, एक वहिनींकडे परत गेली, कारण गेल्या वर्षी त्यांच्या इमारतीनेही पुनर्विकासाच्या करारावर सही केली असून अंगणातले झाड उचलण्याजोगे राहिलेले नाही. उरलेल्या तीन आज या व्यासपीठामागे ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी पूर्वेची खिडकी आहे त्यांनी भोजनोत्तर मला भेटावे. खिडकी कोणत्या दिशेला आहे ते मी विचारणार आहे, आणि उत्तर देण्यास घरातील तरुण माणसाला सोबत आणावे.

पाने मांडून झाल्याची खूण चिटणीस करीत आहेत.